जुनं विंडोज दिसतं, नवं दिसत नाही: बूट मेनूतल्या शोधाचं एक प्रकरण

संगणक एक, डिस्क तीन, आणि प्रत्येक डिस्कवर वेगळी ऑपरेटिंग प्रणाली. एनव्हीएमई डिस्कवर रोजच्या वापराचं विंडोज १०. साटा एसएसडीवर नुकतंच बसवलेलं डेबियन १२, हे एक लिनक्स. तिसऱ्या, जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज ७. हे शेवटचं केवळ एका फिल्म स्कॅनरसाठी जपलेलं होतं, कारण त्या स्कॅनरचा ड्रायव्हर पुढच्या कुठल्याच विंडोजवर चालत नव्हता. संगणक ज्यांचा, त्या संशोधक आहेत. जुन्या निगेटिव्हचं डिजिटल रूपांतर हे त्यांचं काम, त्यामुळे विंडोज ७ची ती डिस्क त्यांच्यासाठी बाकी सगळ्या संगणकापेक्षा मोलाची.

तक्रार अशी होती. डेबियन बसवल्यापासून संगणक सुरू केला की ग्रबचा, म्हणजे कुठली प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या बूटलोडरचा, मेनू येतो. मेनूत डेबियन आहे, विंडोज ७ आहे, विंडोज १० मात्र नाही. विंडोज १० बिघडलेलं नाही. फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, मेनूतून ती डिस्क निवडली की ते नेहमीसारखं सुरू होतं. मेनू नव्याने बनवणारी ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड पुन्हा चालवून पाहिली, तरी यादी तीच. शेवटी कुठूनतरी मिळालेली नोंद त्यांनी ‘४०_कस्टम’ या फाइलमध्ये हाताने लिहिली. मेनूत नाव आलं, पण निवडल्यावर पडद्यावर ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’ एवढंच उमटलं.

ग्रबच्या मेनूतून विंडोज गायब होण्याच्या तक्रारी पुष्कळ असतात आणि बहुतेकांना एकच उत्तर पुरतं. इथे ते पुरत नव्हतं. का पुरत नव्हतं हे नीट पाहिलं, तर ग्रब इतर प्रणाली कशा शोधतो ते उलगडतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

नेहमीचं उत्तर

ग्रबची २.०६ ही आवृत्ती ८ जून २०२१ रोजी आली. त्या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ हा कार्यक्रम मुळात बंद ठेवलेला असतो. तो चालू करायचा तर ‘/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ घालावी लागते आणि मग ‘अपडेट-ग्रब’ चालवावं लागतं. डेबियन १२मध्ये हीच २.०६ आवृत्ती आहे. त्यामुळे विंडोज दिसत नाही म्हटलं की जाणकार डोळे मिटून ही ओळ सुचवतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं.

हा बदल अनेकांना जाचक वाटतो. मला तो रास्त वाटतो. ओएस-प्रोबर रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने संगणकातलं जवळपास प्रत्येक पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) उघडतो आणि आत काय आहे ते चाचपतो. त्या पार्टिशनवर काय लिहिलंय यावर आपला ताबा असेलच असं नाही. फाइलप्रणाली वाचणाऱ्या कोडमध्ये एखादी चूक असली, तर मुद्दाम तशी रचलेली डिस्क नुसती जोडून ठेवणंही पुरेसं ठरू शकतं. २०२०च्या जुलैमध्ये ‘बूटहोल’ ही ग्रबमधली त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतर या सगळ्या साखळीकडे जास्त कडक नजरेने पाहिलं जाऊ लागलं. दुसरा धोका सुरक्षेशी संबंधित नाही, पण अधिक रोजचा आहे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलप्रणालीचं पार्टिशन कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ‘फक्त वाचण्यासाठी’ माउंट केलं, म्हणजे वापरासाठी जोडलं, तरी जर्नल (बदलांची नोंद) अर्धवट असेल तर ते आधी पूर्ण केलं जातं, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. तेच पार्टिशन त्या क्षणी एखादं व्हर्च्युअल मशीन वापरत असेल तर आतला डेटा बिघडू शकतो. म्हणून ओएस-प्रोबर शक्य असेल तिथे ‘ग्रब-माउंट’ वापरतो. त्यात ग्रबचाच वाचणारा कोड असतो आणि तो डिस्कवर काहीच लिहीत नाही. सर्व्हरवर मात्र हा शोध बंदच असलेला बरा.

आता आपल्या प्रकरणाकडे. ती ओळ या संगणकात आधीपासूनच होती. पण फाइल उघडून न पाहताही हे सांगता आलं असतं, कारण मेनूत विंडोज ७ होतं. ते नाव तिथे कुणी हाताने लिहिलेलं नव्हतं. याचा अर्थ शोध चालू होता, पूर्ण होत होता आणि त्याला एक विंडोज सापडतही होतं. ज्या शोधाला एक विंडोज सापडतं त्याला दुसरं का सापडत नाही, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. ओएस-प्रोबर चालू करायचा सल्ला या प्रश्नाला शिवतही नाही.

विंडोज १०चं ‘फास्ट स्टार्टअप’ हा दुसरा संशयित. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट निद्रेत जातं, आणि त्याचं एनटीएफएस (विंडोजची फाइलप्रणाली) पार्टिशन लिनक्सला नीट माउंट करता येत नाही. ही अडचण खरी आहे, पण इथे गैरलागू. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) पद्धतीने बसवलेलं विंडोज शोधताना ओएस-प्रोबर एनटीएफएसकडे पाहतच नाही. तो पाहतो बूटलोडर जिथे असतात त्या ईएफआय सिस्टीम पार्टिशनकडे, आणि त्याची फाइलप्रणाली फॅट असते. बिटलॉकरबद्दलही (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) तेच: सी ड्राइव्ह कुलूपबंद असला तरी ईएफआय पार्टिशन उघडंच असतं. (या संगणकावर बिटलॉकर नव्हता. असता, तर दुरुस्तीच्या आधी रिकव्हरी की हाताशी ठेवायला सांगितलं असतं, कारण विंडोज ग्रबमधून सुरू केलं की बूटची साखळी बदलते आणि बिटलॉकर ती की मागू शकतो.)

शोध म्हणजे काय घडतं

ओएस-प्रोबर म्हणजे शेल स्क्रिप्टांचा एक संच. तो मूळचा डेबियनच्या इन्स्टॉलरचा भाग. नंतर इतर वितरणांनीही घेतला. ‘अपडेट-ग्रब’ चालवलं की ‘/इटीसी/ग्रब.डी’मधल्या स्क्रिप्ट क्रमांकानुसार चालतात. ‘१०_लिनक्स’ आपल्याच प्रणालीतले कर्नल गोळा करते, ‘३०_ओएस-प्रोबर’ इतर प्रणालींची चौकशी करते, ‘४०_कस्टम’ आपण हाताने लिहिलेलं तसंच पुढे ढकलते. सगळ्यांनी जे लिहून दिलं ते एकत्र होऊन ‘ग्रब.सीएफजी’ तयार होते.

संगणक सुरू होताना ग्रब फक्त ही फाइल वाचतो. त्या वेळी तो कुठल्याही प्रणालीचा शोध घेत नाही. संशोधकांनी सांगितलेली एक गोष्ट यामुळेच घडली होती. काळजीपोटी त्यांनी विंडोज ७ची डिस्क काही काळ काढून ठेवली, तरी मेनूत विंडोज ७चं नाव तसंच होतं, आणि निवडल्यावर ‘नो सच डिव्हाइस’ येत होतं. मेनू ही शेवटच्या अपडेट-ग्रबच्या वेळची नोंदवही आहे. डिस्क काढल्याचं तिला कळायला काही मार्ग नाही.

आता प्रत्यक्ष शोध. ओएस-प्रोबर पार्टिशनांची यादी करतो. स्वॅप, रेडचे घटक आणि आपली चालू प्रणाली ज्यावर आहे ते पार्टिशन वगळतो. उरलेल्यांवर एकेक चाचणी-स्क्रिप्ट चालवतो. ‘०५ईएफआय’ ही यूईएफआयच्या बूटलोडरांसाठी, ‘२०मायक्रोसॉफ्ट’ जुन्या पद्धतीच्या विंडोजसाठी, ‘९०लिनक्स-डिस्ट्रो’ इतर लिनक्ससाठी. फ्रीडॉस, हायकू, हर्ड, मिनिक्स यांच्यासाठीही वेगळ्या आहेत. यातली कुठलीच स्क्रिप्ट ‘प्रणाली’ ओळखत नाही. ती ठरावीक जागी ठरावीक फाइल आहे का एवढंच पाहते.

‘२०मायक्रोसॉफ्ट’ पार्टिशनच्या मुळाशी ‘बूटएमजीआर’ ही फाइल आणि ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘बीसीडी’ ही बूटच्या नोंदी ठेवणारी फाइल शोधते. दोन्ही मिळाल्या की बीसीडीच्या कच्च्या बाइट्समध्ये ‘विंडोज ७’, ‘विंडोज १०’ अशी अक्षरं जुळतात का ते बघते. मेनूत येणारं नाव तिथून येतं. विंडोज ७ स्वतःसाठी १०० एमबीचं ‘सिस्टीम रिझर्व्हड’ पार्टिशन करतं आणि या दोन्ही फाइली तिथे असतात, म्हणून मेनूतली नोंद ‘विंडोज ७, एसडीबी१वर’ अशी होती. विंडोज फोल्डर आणि सी ड्राइव्ह दुसऱ्याच पार्टिशनवर आहे, याच्याशी शोधाला देणंघेणं नाही.

‘०५ईएफआय’चं काम निराळं. ती पार्टिशनचा प्रकार पाहते. जीपीटीत (नव्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात) ईएफआय सिस्टीम पार्टिशनसाठी ठरलेली जीयूआयडी ही खूण आहे का, किंवा एमबीआर (जुन्या पद्धतीचा तक्ता) असेल तर प्रकार ‘ईएफ’ आहे का. हे जुळलं आणि फाइलप्रणाली फॅट निघाली की ‘ईएफआय/मायक्रोसॉफ्ट/बूट’ या फोल्डरमध्ये ‘बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’ आहे का ते बघते. असेल तर नाव ठेवते ‘विंडोज बूट मॅनेजर’. इथे आवृत्तीचा आकडा येत नाही. कुठलं विंडोज सुरू करायचं ते पुढे बूट मॅनेजर स्वतः ठरवतो. ग्रब फक्त त्याच्यापर्यंत नेऊन पोहोचवतो.

आणि या प्रकरणाचं मर्म या दोन स्क्रिप्टांच्या पहिल्या काही ओळींत आहे. ‘०५ईएफआय’ सुरू होताच विचारते: आत्ता चालू असलेलं लिनक्स यूईएफआयमधून सुरू झालंय का? नसेल तर तिथेच थांबते, पार्टिशनकडे पाहतही नाही. ‘२०मायक्रोसॉफ्ट’ तोच प्रश्न उलट विचारते: यूईएफआयमधून सुरू झालंय का? असेल तर तिथेच थांबते. म्हणजे एकाच वेळी दोन्ही प्रकारची विंडोज सापडणं शक्यच नाही. जुनं विंडोज सापडतंय एवढ्यावरून कळतं की डेबियन जुन्या पद्धतीने, म्हणजे बायोसच्या वाटेने सुरू होतंय. विंडोज १० यूईएफआय पद्धतीने बसवलेलं असेल, तर ते न सापडणं अटळ आहे.

पडताळा

तपासायला दोन मिनिटं लागली. डेबियनमध्ये ‘/सिस/फर्मवेअर’ या फोल्डरमध्ये ‘ईएफआय’ नावाचं उपफोल्डर नव्हतं. यूईएफआयमधून सुरू झालेल्या लिनक्समध्ये ते हमखास असतं. फर्मवेअरच्या बूट नोंदी दाखवणारी ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही कमांड चालवल्यावर ईएफआय व्हेरिएबल्स या प्रणालीवर उपलब्ध नाहीत असं उत्तर आलं. ओएस-प्रोबर पडद्यावर फारसं बोलत नाही, पण सिस्टीमच्या लॉगमध्ये प्रत्येक पाऊल लिहितो. ‘जर्नलसीटीएल’मध्ये ‘०५ईएफआय’ शोधलं तर ‘नॉट ऑन यूईएफआय प्लॅटफॉर्म’ ही ओळ होती. कारण तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. ओएस-प्रोबरबद्दल तक्रार करणाऱ्या फार थोड्यांना हा लॉग आहे हे माहीत असतं, याचं मला वाईट वाटतं. अशा तक्रारीत पहिल्यांदा तो वाचावा.

हाताने लिहिलेल्या नोंदीचं ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’ही आता समजतं. बायोसच्या वाटेने आलेला ग्रब ‘चेनलोडर’ करताना, म्हणजे दुसऱ्या बूटलोडरकडे सूत्रं सोपवताना, समोर ५१२ बाइट्सचा बूट सेक्टर आहे असं धरतो आणि त्याच्या अखेरच्या दोन बाइट्समध्ये ५५, एए ही खूण शोधतो. ‘बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’ हा यूईएफआय फर्मवेअरने चालवायचा कार्यक्रम. त्यात त्या जागी ती खूण कशी असणार? आणि खूण असल्याचं मानून जबरदस्तीने पुढे नेलं, तरी तो चालवायला लागणाऱ्या यूईएफआयच्या सेवा बायोसच्या वाटेवर नाहीतच. थोडक्यात, शोधाने विंडोज १० वगळलं ते योग्यच होतं. त्याने नाव दिलं असतं, तर मेनूत न चालणारी एक नोंद वाढली असती. ओएस-प्रोबर संगणकात काय काय आहे याचं उत्तर देत नाही. आपण ज्या वाटेने आलो त्या वाटेने पुढे काय सुरू करता येईल याचं देतो.

हे झालं कसं

या मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या बायोसची नक्कल करणारी सोय, चालू होती. ती मुद्दाम चालू ठेवली होती, विंडोज ७साठी. सीएसएम चालू असताना बूट करता येणारा पेनड्राइव्ह फर्मवेअरच्या मेनूत दोनदा दिसतो: एकदा नावाच्या आधी ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा नुसताच. डेबियन बसवताना नुसतं नाव निवडलं गेलं. इन्स्टॉलर बायोसच्या वाटेने सुरू झाला, त्याने त्याच वाटेचा ग्रब एसएसडीच्या एमबीआरमध्ये (पहिल्या सेक्टरमध्ये) बसवला, त्याला विंडोज ७ सापडलं, त्याबद्दल त्याने विचारलं, होकार मिळाल्यावर ओएस-प्रोबर चालू ठेवला. सगळं सुरळीत.

उलट दिशेला डेबियनचा इन्स्टॉलर सावध करतो. तो यूईएफआयमधून सुरू झाला आणि संगणकावर फक्त बायोस पद्धतीच्या प्रणाली दिसल्या, तर पुढे जाण्याआधी थांबून विचारतो. या दिशेला तसा प्रश्न आला नाही. पडद्यावर दोन सारखी नावं, एकाच्या आधी एक छोटा शब्द, आणि त्याचा परिणाम संगणकाच्या पुढच्या कित्येक वर्षांवर. ही निवड एवढी बारीक अक्षरात का असावी? फर्मवेअर बनवणाऱ्यांनी इथे निदान एक वाक्य तरी लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

काय करावं

काहीच न करणं हाही पर्याय होता. विंडोज १० हवं तेव्हा फर्मवेअरच्या मेनूतून निवडायचं. पण रोज लागणारी प्रणाली आडवाटेला आणि महिन्यातून एकदा लागणारी मेनूत, ही मांडणी उलटी आहे.

विंडोज १०ला बायोसच्या वाटेवर आणणं मी लगेच बाजूला सारलं. मायक्रोसॉफ्टचं ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन एमबीआरकडून जीपीटीकडे नेतं, परत आणत नाही. आणि डेटा असलेली चालती डिस्क मागच्या युगात ढकलायला काही कारणही नव्हतं. विंडोज ७ यूईएफआयवर आणण्याचा विषय तर काढायचाच नाही असं ठरवलं. त्या डिस्कवर एकही बाइट लिहायचा नाही, हा या दुरुस्तीतला पहिला नियम होता.

रीफाइंड या दुसऱ्या बूट मॅनेजरचा विचार केला. तो दर वेळी संगणक सुरू होताना डिस्का चाळतो आणि सापडेल ते दाखवतो, म्हणजे नोंदवही शिळी होण्याचा प्रश्न उरत नाही. यूईएफआयमधून सुरू होऊनही सीएसएमच्या मदतीने जुन्या पद्धतीची प्रणाली सुरू करायचा प्रयत्न तो करू शकतो. पण ते जमणं त्या त्या फर्मवेअरवर अवलंबून असतं, आणि डेबियनची मूळ साखळी सोडून आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सिस्टीमडी-बूट हा आणखी एक बूट मॅनेजरही विंडोज आपोआप ओळखतो, मात्र तो स्वतः ज्या ईएफआय पार्टिशनवरून सुरू झाला तिथलंच. दोन्ही चांगली साधनं आहेत. इथे मात्र मूळ दुखणं डेबियन चुकीच्या वाटेने सुरू होतंय हे होतं, आणि दुखणं तिथेच बरं करणं सरळ होतं: डेबियनचा ग्रब यूईएफआयवर आणायचा. त्यासाठी डेबियन पुन्हा बसवायची गरज नाही. पुन्हा बसवा हा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो अनावश्यक आहे.

दुरुस्ती

आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत. मग विंडोज १०मध्ये फास्ट स्टार्टअप बंद करून ते पूर्ण बंद केलं, कारण आता त्याच्या ईएफआय पार्टिशनवर लिहायचं होतं आणि विंडोज अर्धवट निद्रेत असताना त्याच्या पार्टिशनांना हात लावू नये. विंडोज ७च्या डिस्कची साटा केबल काढून ठेवली.

डेबियनचा लाइव्ह (न बसवता थेट चालणारा) पेनड्राइव्ह लावला आणि या वेळी ‘यूईएफआय’ असं आधी लिहिलेली नोंद निवडली. ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ आहे याची खात्री केली. एसएसडीवरचं डेबियन ‘/एमएनटी’वर माउंट केलं आणि एनव्हीएमईचं ईएफआय पार्टिशन त्याच्या आत ‘/बूट/ईएफआय’वर. हे पार्टिशन १०० एमबीचं, विंडोजने केलेलं. डेबियनच्या शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) आणि ग्रबला मिळून १० एमबीसुद्धा लागत नाहीत, आणि ते ‘ईएफआय/डेबियन’ या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, त्यामुळे जागेची किंवा विंडोजच्या फाइलींवर लिहिलं जाण्याची भीती नाही. एसएसडी एमबीआर पद्धतीचीच होती. ती तशीच ठेवली. फर्मवेअरला ग्रबची फाइल ईएफआय पार्टिशनवर सापडली की पुरे. पुढे ग्रब स्वतः एमबीआर डिस्क वाचू शकतो.

मग सीएचरूट, म्हणजे लाइव्हमधून डिस्कवरच्या डेबियनच्या आत जाऊन काम करणं. ही जागा जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे. सीएचरूटच्या आत डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर जोडायचं सगळ्यांना माहीत असतं. ‘/रन’ जोडायचं पुष्कळदा राहून जातं. संशोधकांनी आदल्या वेळी एका मार्गदर्शिकेवरून नेमका असाच प्रयत्न करून पाहिला होता: यूईएफआयमधून लाइव्ह सुरू केलं, सीएचरूट केलं, ओएस-प्रोबर चालवला, आणि तरी विंडोज १० सापडलं नाही. त्या प्रयत्नामुळे ‘यूईएफआयचा काही संबंध नाही’ अशी त्यांची समजूत झाली होती. घडलं असं की ‘०५ईएफआय’ पार्टिशनचा प्रकार यूडेव्हला (लिनक्समधल्या उपकरणांची माहिती ठेवणाऱ्या घटकाला) विचारते, आणि यूडेव्हची माहिती ‘/रन/यूडेव्ह’मध्ये असते. सीएचरूटमध्ये ती नसेल तर पार्टिशन जीपीटी आहे की एमबीआर हेच स्क्रिप्टला कळत नाही आणि ती मुकाट्याने बाहेर पडते. लॉगमध्येही काही उमटत नाही, कारण लॉगकडे जाणारा ‘/डेव्ह/लॉग’ हा दुवाही शेवटी ‘/रन’मध्येच जातो. शोध नाही, आणि शोध का नाही याची नोंदही नाही. ‘/रन’ जोडल्यावर दोन्ही प्रश्न मिटतात.

सीएचरूटमध्ये ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ आणि ‘शिम-साइन्ड’ ही पॅकेजं बसवली. ती येताना ‘ग्रब-पीसी’ हे बायोसचं पॅकेज निघून जातं, ते अपेक्षितच. ‘/इटीसी/एफएसटॅब’मध्ये ईएफआय पार्टिशनची ओळ यूयूआयडीसह घातली. ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवलं, लक्ष्य ‘एक्स८६_६४-ईएफआय’. त्याने फाइली ठेवल्या आणि फर्मवेअरच्या स्मृतीत ‘डेबियन’ नावाची बूट नोंद लिहिली. ‘४०_कस्टम’मधली हाताने लिहिलेली नोंद काढून टाकली. शेवटी अपडेट-ग्रब. डेबियनच्या कर्नलांनंतर पडद्यावर ओळ आली: विंडोज बूट मॅनेजर, एनव्हीएमईच्या पहिल्या पार्टिशनवर.

सीएचरूटमध्ये ही ओळ आली नसती तरी घाबरायचं कारण नव्हतं. ग्रब यूईएफआयवर बसला की डेबियन त्याच वाटेने सुरू करायचं आणि तिथे अपडेट-ग्रब चालवायचं. चालू प्रणालीत सगळे फोल्डर जागेवर असतात. सीएचरूटशी झगडण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

आता विंडोज ७ नाही

डिस्क परत जोडली, डेबियन सुरू केलं, अपडेट-ग्रब पुन्हा चालवलं. विंडोज १० होतं. विंडोज ७ नव्हतं. लॉगमध्ये ‘२०मायक्रोसॉफ्ट’ची ओळ: यूईएफआय प्रणालीवर जुने बूटलोडर वगळत आहे.

हे होणार हे संशोधकांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते आधी सांगणं फार गरजेचं होतं. ज्या डिस्कवर त्यांचं काम अवलंबून आहे तिचं नाव मेनूतून अचानक नाहीसं झालं असतं तर डिस्कच गेली असं वाटलं असतं. डिस्कला काही झालेलं नाही. यूईएफआयमधून आलेला ग्रब बायोसचा बूट सेक्टर चालवू शकत नाही, म्हणून तो तिचं नाव देत नाही.

मेनूत त्याऐवजी एक नवी नोंद आली आहे: ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. ती निवडली की संगणक थेट फर्मवेअरच्या पडद्यावर जातो आणि तिथून जुनी डिस्क निवडता येते. स्कॅनिंगच्या दिवशी एवढं एक पाऊल जास्त. ही नोंद आणखी एका कामाला येते. बायोसच्या वाटेने बनलेल्या आधीच्या मेनूत ती नव्हती. तेव्हाच तिच्याकडे लक्ष गेलं असतं, तर कुठलीही कमांड न देता वाट कोणती आहे याचा अंदाज आला असता.

सीएसएम बंद केलेली नाही, विंडोज ७ आहे तोवर ती लागणार. त्यामुळे एक कोपरा उघडा राहतो. एसएसडीच्या एमबीआरमध्ये जुन्या ग्रबचा कोड अजून आहे. फर्मवेअरच्या क्रमात ‘डेबियन’ ही यूईएफआय नोंद मागे पडली आणि एसएसडी जुन्या पद्धतीने पुढे आली, तर तो जुना ग्रब जागा होईल, तीच ‘ग्रब.सीएफजी’ वाचेल आणि विंडोज बूट मॅनेजरचं नाव दाखवेल, पण निवडल्यावर पुन्हा ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’. एमबीआरमधले पहिले ४४६ बाइट पुसून हा कोड घालवता येतो. त्यांच्या लगेच पुढे पार्टिशन तक्ता असतो. आकडा चुकला तर तक्ताच जातो. फर्मवेअरमध्ये एसएसडीची जुन्या पद्धतीची नोंद क्रमातून काढून टाकणं पुरेसं होतं, म्हणून पुसणं टाळलं.

विंडोजचं एखादं अपडेट स्वतःची नोंद पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेऊ शकतं. तेव्हा ग्रबचा मेनू दिसणार नाही, संगणक सरळ विंडोजमध्ये जाईल. त्या वेळी फर्मवेअरच्या मेनूतून ‘डेबियन’ निवडून आत यायचं आणि ‘ईएफआयबूटएमजीआर’ने क्रम परत लावायचा, अपडेट-ग्रबचा त्याच्याशी संबंध नाही. हे, फर्मवेअरचा मेनू उघडायची कळ, आणि पेनड्राइव्ह नेहमी ‘यूईएफआय’ लिहिलेल्या नोंदीतूनच सुरू करायचा, या तीन गोष्टी संशोधकांनी कागदावर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवल्या आहेत.